स्पिन की उप्पाल?

दोन्ही मॉडेल तपासणारी सॉफ्टवेअर: मॉडेलच्या सगळ्या शक्य अवस्था धुंडाळून दिलेली अट कुठे मोडते का ते बघतात. ब्रेक कंट्रोलरचं मॉडेल तपासायला यांतलं कोणतं घ्यावं, असा पेच असेल तर आधी वेळेचं बघा. स्पिनमध्ये घड्याळच नाही. ५ मिलिसेकंदांची डेडलाइन मांडायला टिक (वेळेचे ठराविक तुकडे) मोजणारा काउंटर घालावा लागतो. टिक बारीक केला की तपासायच्या अवस्थांची संख्या फुगते. उप्पालमध्ये घड्याळं मुळातच आहेत. पण तिथे हमखास लिहायचा राहून जातो तो लोकेशनचा इन्व्हेरियंट, म्हणजे मॉडेलनं एका टप्प्यावर (लोकेशनवर) किती वेळ थांबायचं याची मर्यादा. गार्ड (पुढच्या टप्प्यावर जाण्याची अट) फक्त परवानगी देतो, पुढे ढकलत नाही. मग मॉडेल तिथेच बसून राहतं आणि ‘ब्रेक लागेलच’ ही अट नापास होते. घड्याळं कमीच ठेवा: १० घड्याळांना प्रत्येक झोनमागे (घड्याळांच्या शक्य वेळांच्या गटामागे) ११×११ चं मॅट्रिक्स लागतं.

खर्च? स्पिन मोफत. उप्पाल शैक्षणिक कामाला मोफत, कंपन्यांना परवाना.

संदेशांचा क्रम, डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट बघत अडकणं) तपासायचे तर स्पिन. टाइमआउट, डेडलाइन असतील तर उप्पालच.