धुराचा वास गेला, धूर पंखातच राहिला

आमच्या विमानाला आग लागलीच नव्हती. हे आधी सांगतो, कारण आम्ही फसलो ते याच भरवशावर. हँगरच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी चार्जर पेटला. वायरी, फोमच्या गाद्या, प्लास्टिकचे क्रेट जळले आणि आमचं जुनं सेसना १७२ तासभर त्या काळ्या धुरात उभं राहिलं. रंगाला एक फोड नाही. फोड असते तर सावध तरी झालो असतो. आच लागलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद घटते, त्याचा कठीणपणा आणि विद्युतवाहकता तपासावी लागते, एवढं आम्हा तिघा भागीदारांना ठाऊक होतं. पण नुसता धूर? पुसला की गेला, अशी समजूत.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ हजर झाले. आगीनंतरची साफसफाई हा त्यांचा धंदा. बोलणं गोड, आणि खरी गोम अशी की त्यातलं बरंचसं खरं होतं. वायरींवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, हवेतल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि ते काजळीसोबत धातूवर जाऊन बसतं. त्यातून कुणीतरी घाबरून आग विझवायच्या एबीसी पावडरचा अख्खा सिलिंडर आसपास फवारला होता. त्या पावडरीतलं अमोनियम फॉस्फेट ओल धरलं की अ‍ॅल्युमिनियम खातं. हे सगळं त्यांनीच आम्हाला समजावलं. "विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत थांबलात तर विमान हातचं जाईल," म्हणाले. घाई करायला हवी हे बरोबरच होतं. पण विमा कंपनीला एक फोन करून, फोटो काढून, वरवरची धुलाई मंजूर करून घ्यायला एक दुपार पुरली असती. आम्ही ती दुपार त्यांना आगाऊ रक्कम देण्यात घालवली.

नवव्या दिवशी विमान ताब्यात मिळालं. काय चकाकत होतं! आत लिंबासारखा वास. बिलात पंख, शेपूट आणि केबिनच्या तळाखालचा भाग उघडून धुणे, आम्ल निष्प्रभ करणे, गंजरोधक तेल फवारणे, वास घालवायला ओझोन वायू सोडणे असं सगळं ओळीने लिहिलेलं. सोबत पंखाच्या आतले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. त्यांनी आमच्यादेखत इंजिनही सुरू करून दाखवलं. विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारं कृत्रिम क्षितिजाचं यंत्र सरळ उभं राहिलं आणि आम्ही खूश. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर तिघांनी सह्या ठोकल्या, उरलेले पैसे दिले. विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगबुकात, मात्र एकही नोंद नव्हती. ती मागावी हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. तिघांकडे मिळून वैमानिकाचे तीन परवाने आहेत, म्हणून हे लिहिताना जास्तच लाज वाटते.

पाच आठवड्यांनी नेहमीचा मेकॅनिक दुसऱ्याच कामासाठी आला. पंखाखाली वाकून त्याने टॉर्च आडवी धरली आणि विचारलं, "साहेब, ही झाकणं उघडली होती म्हणालात ना?" मीही वाकलो. तपासणीच्या गोल झाकणांवरच्या प्रत्येक स्क्रूच्या फुलीत काजळी घट्ट बसली होती. पेचकस एकदा जरी फिरला असता तरी आतला धातू चकाकला असता. त्याने पहिलं झाकण काढलं. आत फडकं पोहोचलंच नव्हतं. धूर मात्र पाणी निचरायच्या भोकांतून आणि फ्लॅपच्या फटींतून आरामात शिरला होता. रिवेटांभोवती पांढरट भुकटी, म्हणजे गंज. बोट फिरवलं तर तेलकट काळं. भोकातून नळी घालून काजळीवरच तेल मारलेलं, म्हणजे आम्ल तेलाच्या पांघरुणाखाली निवांत. मेकॅनिकने ऊर्ध्वपातित पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पंखाच्या आतल्या फासळीवरून फिरवला आणि पीएच पट्टीवर टेकवला. पट्टी नारिंगी झाली, म्हणजे आम्ल अजून तिथेच.

मग मी फोटो पुन्हा काढून बसलो. फोटोतल्या पंखाला आतून हिरवट प्रायमर होता. आमच्या विमानाला आत प्रायमर नाहीच, कोरा धातू आहे. त्या काळची अशी बरीच विमानं कारखान्यातूनच तशी निघायची. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाचे होते.

बाकीचं हळूहळू उघडं पडत गेलं. पुढच्या काचेवर केसाएवढ्या बारीक तड्यांचं जाळं उमटलं. ती काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक, आणि त्यांच्या माणसाने ती घरच्या खिडकीच्या अमोनियावाल्या द्रावाने पुसली होती. रिकामी बाटली सीटखालीच सापडली. ओझोनने दाराचं रबर चिरलं. रेडिओच्या कनेक्टरांच्या पिनांवर हिरवट थर. आणि ते इंजिन सुरू करून दाखवणं! आमच्या विमानात व्हॅक्यूम पंप कॉकपिटमधलीच हवा फिल्टरमधून त्या क्षितिज-यंत्राच्या जायरोत, म्हणजे आतल्या फिरत्या चाकात, ओढतो. फिल्टर आधी बदलायला हवा होता. तो काढला तेव्हा कोळशाच्या वडीसारखा दिसत होता. वेग आणि उंची ज्यांतल्या हवेच्या दाबावरून कळते ती पिटो ट्यूब आणि स्टॅटिकची भोकं कुणी पाहिलीसुद्धा नव्हती, आणि त्याच भरवशावर मी दोनदा उडून आलो होतो.

विमा कंपनीने बिल नाकारलं. सर्व्हेअरने पाहण्याआधीच पुरावा पुसला गेला, वर आमच्याच सह्या. मेकॅनिक म्हणाला, पुढच्या वेळी स्क्रूंवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि झाकणं उघडी असताना स्वतः येऊन बघा, बंद झाल्यावर नको. आता पंख खरोखर उघडलाय, काही पत्रे बदलावे लागतील असं दिसतंय.

त्या गृहस्थांना फोन केला. फोटोंबद्दल म्हणाले, ते 'नमुन्यादाखल' असतात, बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय. लिहिलं होतं खरंच. पैसे परत द्यायचं मात्र नाव नाही. उलट म्हणाले, "अजून वास येत असेल तर सांगा साहेब, एकदा ओझोन फुकट मारून देतो."