एका 'विच'पायी 83 दिवस पाण्यात: रिलेटिव्ह क्लॉजच्या सराव अ‍ॅपचा सात महिन्यांचा अनुभव

इंग्रजीतले रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे 'हू', 'विच', 'दॅट' लावून नामाची माहिती देणारी उपवाक्यं, शिकवणाऱ्या अ‍ॅपवर रोज पाठ पूर्ण करत जमवलेली सलग 83 दिवसांची साखळी तुटली म्हणून हे लिहायला बसले आहे, एरवी लिहिलं नसतं.

वाक्य होतं 'द की डॅश ओपन्स धिस डोअर इज लॉस्ट'. रिकाम्या जागी मी 'विच' भरलं. लाल फुली. बरोबर उत्तर 'दॅट', आणि कारण म्हणून एकच ओळ: 'इथे दॅट वापरावे.' का वापरावे? मास्तर म्हणतात म्हणून. इथे पाच चुका झाल्या की पाठ बंद पडतो. त्या दिवशीच्या पाचांतल्या चार चुका याच 'विच'च्या होत्या. साखळी शून्यावर.

वर्षाचे पैसे एकदम भरलेत, त्यामुळे रागावून अ‍ॅप काढून टाकणं परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर त्याने मला बरंच शिकवलंही होतं.

आपल्या डोक्यात 'जे-ते'ची जोडी पक्की बसलेली असते. 'जे पुस्तक मी घेतलं, ते हरवलं.' 'जे' आलं की 'ते' हवंच. म्हणून मी इतकी वर्षं बिनदिक्कत 'द बुक विच आय बॉट, इट इज लॉस्ट' म्हणत आले. तो 'इट' म्हणजे आपला 'ते'च, इंग्रजी कपडे घालून आलेला. मुख्य वाक्यात कर्त्याच्या जागी 'द बुक' आधीच बसलंय, तिथे दुसऱ्याला जागा नाही. हे अ‍ॅपने इतक्या वेळा खोडून दाखवलं की आता बोलतानाही जीभ अडते. 'मी घेतलेलं पुस्तक' ही दुसरी सवय. आपण सगळी माहिती नामाच्या आधी सांगून मोकळे होतो. इंग्रजीत आधी नाम, मग त्याची कहाणी.

सर्वनाम कधी गाळायचं, हा भाग तर फारच छान जमलाय. रिकाम्या जागेनंतर लगेच क्रियापद आलं तर सर्वनाम हवंच: 'द मॅन हू कॉल्ड मी'. जागेनंतर नवा कर्ता आला तर गाळलं तरी चालतं: 'द मॅन आय कॉल्ड'. स्वल्पविरामवाल्या क्लॉजमध्ये मात्र ही सूट नाही. शाळेत पाठ केलेले नियम एकीकडे आणि हा अडाखा एकीकडे.

स्वल्पविरामाची गंमतही इथेच कळली. 'माय सिस्टर, हू टीचेस मॅथ्स, इज हिअर' म्हणजे बहीण एकच, गणित शिकवते ही जादा माहिती. दोन्ही स्वल्पविराम काढा, घरात आणखी बहिणी जन्माला येतात! या जादा माहितीच्या क्लॉजमध्ये 'दॅट' घातलं तर फुली मिळते, ती मान्य. 'हूज' निर्जीव वस्तूंनाही चालतं, 'अ हाउस हूज रूफ' वगैरे, हेही नव्याने कळलं. 'व्हेअर', 'व्हेन' मात्र उरकून टाकलेत.

पण माझं 'विच'? मदत विभागाला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर: 'आमची उत्तरे तज्ज्ञांनी तपासलेली आहेत.' मग हट्टाने शोधत बसले. ही विभागणी फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 सालच्या आपल्या पुस्तकात सुचवली होती: ओळख पटवणाऱ्या, म्हणजे नेमकी कोणती किल्ली ते सांगणाऱ्या, क्लॉजला 'दॅट', जादा माहितीला 'विच'. बहुतेक लेखक असं लिहीत नाहीत, हे त्याने स्वतःच तिथे कबूल केलंय. अमेरिकी संपादकांनी ती सूचना उचलून धरली. ब्रिटिश लिखाणात ओळख पटवायला दोन्ही सर्रास चालतात. म्हणजे माझे 83 दिवस गेले ते एका शिफारशीपायी.

इथवर लिहून एक तारा द्यायला निघाले होते, तेवढ्यात सेटिंगमध्ये, आवाज आणि सूचना यांच्याही खाली, 'इंग्रजीचा प्रकार' सापडला. आपोआप अमेरिकी निवडलेलं. ब्रिटिश केलं, तोच प्रश्न पुन्हा सोडवला, 'विच' भरलं. हिरवं! सात महिन्यांत हे मला कोणीही सांगितलं नाही, तीन पत्रांना उत्तरं देणाऱ्यांनीही नाही. आणि अमेरिकी प्रकारातसुद्धा 'चूक' न म्हणता 'आम्ही दॅट पसंत करतो' असं लिहायला काय हरकत होती?

तर आता तीन तारे. व्याकरणासाठी चार दिले असते, एक साखळीचा कापला. ती परत जोडता येत नाही, असं चौथं उत्तर आलंय, पुन्हा छापीलच. आज नव्या साखळीचा 11 वा दिवस. अजून पाच महिन्यांचे पैसे वसूल व्हायचेत, ते होतील. पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापण्याचं बटण मात्र कालच बंद केलं.