सकाळी साडेनऊला कोबे, संध्याकाळी साडेपाचला मँचेस्टर: मुंबईतून जपानी महिला फुटबॉल पाहण्याच्या चार सोयी

जपानच्या महिला फुटबॉलपटू आज जपान, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका अशा विखुरलेल्या आहेत. त्यामुळे एकच अ‍ॅप घेतलं आणि सगळं दिसलं, असं होत नाही. मुंबईत बसून त्यांचा खेळ पाहायचा तर चार अधिकृत जागा कामाच्या आहेत: जपानच्या व्यावसायिक 'वी लीग'चं यूट्यूब चॅनेल, जपान फुटबॉल असोसिएशनचं 'जेएफए टीव्ही' हे यूट्यूब चॅनेल, इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगचं यूट्यूब चॅनेल आणि अमेरिकेतल्या एनडब्ल्यूएसएल या महिला लीगची 'एनडब्ल्यूएसएल प्लस' ही सेवा. निकाल आधीच सांगते: आठवड्यात दोनच तास असतील तर ते इंग्लंडच्या एका पूर्ण सामन्याला द्या. वी लीगचे ठळक क्षण त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नाही.

वी लीगपासून सुरुवात करू, कारण अनेक खेळाडू तिथूनच पुढे आल्या. ही लीग सप्टेंबर २०२१मध्ये ११ क्लबांनिशी सुरू झाली आणि २०२३-२४पासून १२ क्लब झाले. म्हणजे प्रत्येक संघाचे २२ सामने. पहिलं विजेतेपद आयनॅक कोबेचं, पुढची दोन उरावा रेड्सची आणि २०२४-२५चं तोक्यो वेर्दी बेलेझाचं. हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरद ऋतूत सुरू होऊन पुढच्या मे-जूनपर्यंत चालतो, मध्ये हिवाळ्यात लांब सुट्टी असते. जानेवारीत चॅनेल ओस दिसलं तर लीग बंद पडली असं समजू नका.

वेळ आपल्याला फारच सोयीची. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे आणि तिथे घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. तिथे दुपारी १ वाजता सुरू होणारा सामना म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, २ वाजताचा म्हणजे साडेदहा. उन्हाळ्याच्या टोकाला काही सामने तिथे संध्याकाळी ६ला असतात, तेव्हा इथे दुपारचे अडीच. रविवारचा चहा-पोह्यांचा वेळ आणि कोबेचा पूर्वार्ध छान जुळतो.

मात्र जपानमध्ये या लीगचं थेट प्रक्षेपण डॅझन या सशुल्क स्ट्रीमिंग सेवेवर चालतं आणि डॅझनवर काय दिसेल हे देशागणिक बदलतं. 'जपानी लीग दिसेल' या भरवशावर इथून पैसे भरू नका. आधी भारतातली सामन्यांची यादी उघडून पाहा. वी लीगच्या चॅनेलवर खात्रीने मिळतात ते सामन्यांचे ठळक क्षण, फुकट आणि नेमाने. गोल कोणी केला, पास कोणाचा, नवी मुलगी कोण दिसते आहे, एवढ्यासाठी ते पुरेसे आहेत. लोकलमध्ये मोबाइलवर बघायलाही तेच बरे.

ते अपुरे कुठे पडतात, हे एका सामन्यावरून नीट कळतं. २०२३च्या विश्वचषकात वेलिंग्टनला जपानने स्पेनला ४-० हरवलं. फक्त गोल पाहिले तर जपानने स्पेनला मैदानभर फिरवलं असं वाटेल. प्रत्यक्षात चेंडू बहुतेक वेळ स्पेनकडे होता. जपानच्या पाच जणी बचावफळीत आणि चौघी त्यांच्या पुढ्यात, अशी भिंत रचलेली होती. चेंडू हिसकावला की दोन-तीन पासमध्ये थेट स्पेनच्या बचावामागे. १२व्या आणि ४०व्या मिनिटाला हिनाता मियाझावा, मध्ये २९व्याला रिको उएकी, आणि ८२व्याला मिना तानाका. गोल चार, पण त्या सामन्याचा अभ्यास करायचा तर गोलांच्या मधली ८० मिनिटं पाहायला हवीत: कोण कुठे उभी होती, कोणी कोणाला आत ढकललं, पास देण्याचा मोह कोणी आवरला. ठळक क्षणांच्या चित्रफितीत नेमकं हेच कापलं जातं. हा दोष एका चॅनेलचा नाही, त्या प्रकाराचाच आहे.

भाषेची अडचण जेवढी वाटते तेवढी नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये सबटायटल चालू करून 'ऑटो ट्रान्सलेट' निवडता येतं. मुलाखतींना त्याचा उपयोग होतो, चालू समालोचनाला फारसा नाही. जपानी आडनावं अर्थ असलेल्या चिन्हांत लिहिलेली असतात, त्यामुळे यंत्र कधी नावाचंच भाषांतर करून बसतं. त्यापेक्षा कानाने चार-पाच शब्द पकडा. 'झेनहान' म्हणजे पूर्वार्ध, 'कोहान' म्हणजे उत्तरार्ध. 'सेनसेई' ऐकू आलं की सामन्यातला पहिला गोल झाला, 'दोतेन' म्हणजे बरोबरी, 'ग्याकुतेन' म्हणजे पिछाडीवरून आघाडी. 'पीके' म्हणजे पेनल्टी आणि 'एन्चो' म्हणजे जादा वेळ. 'सेत्सु' म्हणजे लीगची फेरी. वेळापत्रकात आकड्यानंतर हाच शब्द येतो, त्यावरून कितवी फेरी चालू आहे ते कळतं.

शोधताना आडनावावर थांबू नका. 'तानाका' किंवा 'एंदो' एवढंच टाकलं की पुरुष संघातले खेळाडू समोर येतात. पूर्ण नाव टाका. आणि जपानी यादीत आडनाव आधी, इंग्रजी यादीत बहुधा नंतर: 'हासेगावा युई' आणि 'युई हासेगावा' एकच.

आता इंग्लंड. विमेन्स सुपर लीगच्या चॅनेलवर पूर्ण सामने थेट आणि विनामूल्य दाखवले जातात. कोणता सामना कोणत्या देशात दिसेल हे विकलेल्या हक्कांवर ठरतं, म्हणून आदल्या दिवशी त्या सामन्याचं पान उघडून 'रिमाइंडर'चं बटण दिसतं का ते पाहावं. 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी आली तर त्याच दिवशीचा दुसरा सामना निवडा. जपानी खेळाडू इतक्या क्लबांत पोहोचल्या आहेत की बहुतेक आठवड्यांत एखादी तरी सापडतेच. गेल्या काही वर्षांत मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, लिव्हरपूल, एव्हर्टन, वेस्ट हॅम, ब्रायटन, टॉटनहॅम या सगळ्यांच्या संघात जपानी नाव आलेलं आहे. किको सेइकेने तर सप्टेंबर २०२४मध्ये ब्रायटनकडून लीगमधल्या पहिल्याच सामन्यात हॅट्ट्रिक केली.

पहिला पूर्ण सामना निवडायचा तर युई हासेगावाचा निवडा. ती २०२२मध्ये वेस्ट हॅमहून मँचेस्टर सिटीत आली. तोवर ती आक्रमक मधल्या फळीची खेळाडू होती. पण सिटीची केइरा वॉल्श बार्सिलोनाला गेली आणि बचावफळीच्या पुढची, सगळा खेळ जिथून सुरू होतो ती जागा हासेगावाकडे आली. उंची १५७ सेंटीमीटर. धक्काबुक्कीत तिचं काम नाही, म्हणून ती धक्का बसायच्या आधीच हलते. पहिली १५ मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त तिच्याकडे, सिटीच्या २५ नंबरकडे बघा. चेंडू येण्याआधी ती मान किती वेळा वळवते ते मोजा. मग पहिला स्पर्श बघा: चेंडू थांबत नाही, प्रतिस्पर्धी जिथून येते आहे त्याच्या उलट बाजूला सरकतो. एवढं डोळ्यात बसलं की मियाझावाच्या आणि जपानच्याच फुका नागानोच्या खेळातही तेच वळण ओळखू येतं. हासेगावा, मियाझावा, तानाका, आओबा फुजिनो या सगळ्या कधी ना कधी बेलेझाकडून खेळल्या आहेत. वी लीगमध्ये कोणाचे ठळक क्षण आधी पाहायचे, याचं उत्तर त्यातच आहे.

रविवारी तिथे दुपारी १२ला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला आणि तिथल्या उन्हाळी वेळेत साडेचारला दिसतो. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो आणि चुकामूक नेमकी त्याच आठवड्यांत होते. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना आपली वेळ काढून लिहू नका. टाइम झोन 'लंडन' निवडा आणि तिथली वेळ लिहा, बाकी हिशोब फोन करतो. 'जीएमटी' निवडलं तर उन्हाळ्यात तासाची चूक ठरलेली.

डेटाचं गणितही घरीच करून ठेवावं. ४८०पीवर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, ७२०पीवर दीड जीबीच्या आसपास. मध्यंतर आणि जादा मिनिटं धरून सामना दोन तासांचा, म्हणजे ७२०पीवर तीन जीबी. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर उत्तरार्धाच्या सुमारास तो संपतो आणि वेग इतका पडतो की चित्र गोठतं. वायफाय नसेल तर सुरुवातीलाच दर्जा ४८०पीवर बांधून टाका. 'ऑटो'वर ठेवलं तर नेटवर्क चांगलं मिळताच तो आपणहून वर चढतो. पण ४८०पीच्या खाली उतरू नका, पाठीवरचे नंबर दिसेनासे होतात आणि मग हासेगावाला शोधणार कशी?

जेएफए टीव्ही राष्ट्रीय संघासाठी, म्हणजे 'नादेशिको जपान'साठी. इथे संघनिवडीच्या पत्रकार परिषदा, राष्ट्रीय सामन्यांचे ठळक क्षण आणि वयोगटांचे संघही दिसतात. असोसिएशनच्या संकेतस्थळावरची संघाची यादी जरूर उघडा. त्यात प्रत्येकीची जन्मतारीख, उंची आणि क्लब असतो. जुन्या-नव्या याद्या शेजारी ठेवल्या की जपानच्या फुटबॉलमध्ये काय बदललं ते एका नजरेत कळतं: २०११ला जग जिंकणाऱ्या संघातल्या बहुतेक जणी जपानी क्लबांच्या होत्या आणि आताच्या यादीत युरोप-अमेरिकेतल्या क्लबांची नावं जास्त.

मोठ्या स्पर्धांचे थेट सामने मात्र या चॅनेलवर शोधू नयेत. त्यांचे हक्क वेगळे विकले जातात आणि उशिरा ठरतात. २०२३च्या विश्वचषकाचं खुद्द जपानमधलं प्रक्षेपण एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी पक्कं केलं. भारतात तो फॅनकोड आणि डीडी स्पोर्ट्सवर होता. त्यामुळे आधीपासून वर्षभराची वर्गणी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. स्पर्धेच्या आठवड्यात पाहावं आणि तेवढाच पास घ्यावा. २०२६च्या आशिया चषकाच्या गटवारीत तर भारत आणि जपान एकाच गटात आले. यापेक्षा चांगलं निमित्त काय हवं! मुंबई परिसराची या संघाशी ओळखही जुनी आहे. २०२२च्या आशिया चषकात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जपानने थायलंडला ७-० हरवलं होतं. करोनामुळे प्रेक्षकांना आत सोडलं नव्हतं, ही रुखरुख अजून जात नाही.

एनडब्ल्यूएसएल प्लस शेवटी, कारण वेळ अवघड आहे. सेवा विनामूल्य, फक्त खातं उघडावं लागतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी पहाटेचे पाच. पश्चिम किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७चा मात्र सकाळी साडेसातला येतो, तो जमण्यासारखा. नॉर्थ कॅरोलायना करेजकडून खेळलेल्या मानाका मात्सुकुबोसाठी पहाटे उठायची तयारी असेल तर जरूर पाहा. नसेल तर सकाळी पूर्ण सामन्याची नोंदच उघडा. निकाल आधी कळू नये म्हणून यूट्यूब आणि फुटबॉलच्या अ‍ॅपच्या सूचना रात्रीच बंद करून झोपा.