कडू स्प्रे : मांजरीच्या दातांना पास, नखांना नापास

बाटलीवर तीन चित्रं आहेत. वायर चावणारं मांजर, खुर्चीचा पाय कुरतडणारं मांजर आणि सोफ्यावर नखं काढणारं मांजर. तिन्हींवर लाल फुली. पहिल्या दोन फुल्या बऱ्यापैकी खऱ्या आहेत, तिसरी साफ खोटी. साडेचारशे रुपये मोजायच्या आधी हे कळलेलं बरं, म्हणून लिहितेय.

आमची गंगी देशी, गिरगावातल्या आमच्याच चाळीच्या जिन्याखाली जन्मलेली. दात आणि नखं दोन्ही चालवते. दातांसाठी वेताची खुर्ची आणि मोबाइलचा चार्जर, नखांसाठी सोफ्याचा कोपरा. कपाटावर उडी मारताना दारावरही नखं घासते.

आधी दातांचं. स्प्रेमध्ये डेनाटोनियम बेंझोएट आहे. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये बधिर करायच्या औषधांवर काम चालू असताना हा पदार्थ हाती लागला. यापेक्षा कडू काही माहीत नाही म्हणतात. पिण्याचा नसलेला स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात घालतात तोच हा. मांजरांना गोड कळत नाही (पेढा पुढे केलात तर त्यातल्या दुधातुपासाठी येतील), पण कडू नेमकं कळतं. खुर्चीच्या हातावर मारून वाळू दिलं. गंगी आली, वेताचं सुटलेलं टोक दाढेत धरलं आणि तशीच थांबली. मग जीभ आत-बाहेर, तोंडाला पांढरा फेस, मान झटकत कॉटखाली. फेस बघून घाबरू नका, कडू लागलं की मांजरांना लाळ सुटते, थोड्या वेळात थांबते. नंतर ती खुर्चीला हुंगून निघून जायची. चार्जरच्या वायरचंही तेच. मात्र फडकं फिरलं की असर गेला, पुन्हा मारावं लागतं. आमच्याकडे केर-फडकं रोज, त्यामुळे बाटली भराभर उतरते. आणि त्याच खुर्चीवर बसून केळं खाताना स्प्रे लागलेलं बोट तोंडाला लागलं तर आपलंही तोंड दिवसभर कडू, हे सासूबाईंना विचारा.

आता नखं. कडूपणा जिभेला लागतो, पंजाला नाही. एवढी साधी गोष्ट बाटलीवाल्यांना माहीत नसेल? मांजर नखं काढतं ते नखांवरचं जुनं टरफल उतरवायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लावून जागा आपली करायला. त्यात चव कुठेच नाही. सोफ्याचा कोपरा मी चिंब केला. गंगीने ओल्यावर पाय नको म्हणून वाळायची वाट पाहिली आणि मग नेहमीसारखी सुरू.

सर्वात जास्त राग आला तो ‘सर्व लाकडांवर सुरक्षित’ या ओळीचा. सासऱ्यांचं सागवानी कपाट आहे, जुन्या हाताच्या पॉलिशचं. आधी दाराच्या आतल्या बाजूला मारून पाहिलं, तर तिथे पांढुरका चट्टा. पॉलिशवाल्या मिस्त्रींनी बोट फिरवून सांगितलं, “ताई, ह्यात स्पिरिट आहे. हे पॉलिश चपड्याचं, स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेलं. उचलणारच.” म्हणजे मांजरीपासून लाकूड वाचवायचं आणि औषधाने घालवायचं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं : बाटली नीट हलवून वापरा.

नखांवर उपाय झाला तो मिस्त्रींच्याच ओळखीच्या सुताराकडून. तीन फूट उंच चौकोनी खांब, खाली जाड प्लायवूडचा दोन फुटी पाट, वरून खालपर्यंत घायपाताची दोरी घट्ट गुंडाळून फेविकॉलने चिकटवलेली. दोरी मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवरून आणली. दुकानात मिळतात ते खांब दीड फुटी आणि हलके. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणू शकलं नाही किंवा खांब डुगडुगला तर ते परत सोफ्याकडेच जाणार. आणि खांब कोपऱ्यात लपवू नका, ती जिथे नखं काढते तिथेच, सोफ्याला चिकटून ठेवा. दिसायला वाईट दिसतो. पाहुणे विचारतात. विचारू देत.

चावण्याचं मूळही एकदा बघून घ्या. पिल्लू असेल तर सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के ३० दात येतात, तोवर ते चावणारच. मोठं मांजर एकदम चावायला लागलं तर हिरड्या, दात दुखत असू शकतात. गंगीला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवलं, हिरड्या ठीक निघाल्या, तेव्हा कंटाळाच असणार. चावायला हिरवं मिळावं म्हणून कुंडीत मूठभर गहू पेरले, संध्याकाळी सुतळीच्या टोकाला चिंधी बांधून पळवते. वायरी इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या नालीदार पाइपात घातल्या, त्यामुळे स्प्रेचं तेवढं काम कमी झालं.

शेजारच्या काकू अजून डांबरगोळ्या आणि निलगिरीचं तेल सुचवतात. दोन्ही मांजरांना विषारी, त्यांच्या यकृताला असल्या गोष्टी पचत नाहीत. फिनेलही तसंच. त्यापेक्षा हा स्प्रे शंभर पटीने बरा, म्हणून पाचात दोन तारे देतेय. एक वेतासाठी, एक वायरीसाठी.

अर्धी बाटली शिल्लक आहे. गिरगावात कुणाला हवी असेल तर सांगा, फुकट देईन. घरी जुनं पॉलिशचं सामान असेल तर मात्र मागू नका.