मोफत वकील मिळाला, आता नक्कल आणा: लॉ फर्मच्या प्रो बोनो सेवेचा नऊ महिन्यांचा अनुभव

महाराष्ट्रातल्या एका तालुक्यातल्या आमच्या महिला संघटनेने शहरातल्या एका मोठ्या लॉ फर्मची प्रो बोनो, म्हणजे विनामूल्य, सेवा नऊ महिने वापरली. कामं दोनच प्रकारची: वडिलांच्या जमिनीत मुलींची नावं लावणं आणि नवऱ्याकडून पोटगी. फर्मचं नाव मुद्दाम देत नाही. आधीच सांगून टाकतो: कागदाचं काम अव्वल, तालुक्याच्या कोर्टातली हजेरी कच्ची. हे ओळखून काम वाटून दिलं तर सेवा फार उपयोगाची आहे. सगळंच फर्मवर सोडलं तर तारखा पडत राहतात.

सुरुवातीला एंगेजमेंट लेटर, म्हणजे फर्म कुणाचं आणि कोणतं काम घेते याचं पत्र, मागा आणि मराठीत मागा. ते प्रत्येक बाईच्या नावाने वेगळं हवं, संघटनेच्या नावाने एकच नको. पक्षकार बाई की संघटना, हे पत्रात स्पष्ट नसेल तर घोळ तडजोडीच्या दिवशी होतो: बाईला मिटवायचं असतं, कार्यकर्त्यांना लढायचं असतं, आणि वकील दोघांच्या तोंडाकडे बघत बसतो. काम कुठपर्यंत आहे तेही लिहून घ्या, म्हणजे नुसत्या नोटिशीपर्यंत, प्रांतांकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या) अपिलापर्यंत की त्याच्याही पुढे. आणि ‘प्रत्यक्ष खर्च पक्षकाराचा’ ही ओळ शोधा, ती असतेच. फी माफ असली तरी टायपिंग, नोटरी, नकला आणि तिकिटं यांचा खर्च माफ नसतो. हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं ते बरं झालं.

कॉन्फ्लिक्ट चेक, म्हणजे समोरच्या पक्षाशी फर्मचा आधीच संबंध आहे का याची तपासणी, याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे दोन महिने फुकट जाऊ शकतात. समोरचा पक्ष फर्मचाच जुना ग्राहक असेल तर फर्म प्रकरण घेऊ शकत नाही, आणि तसं करणं बरोबरच आहे. आमच्याकडे तपासणी झाली ती फक्त भावांच्या नावावर. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा होता, तो कुणी पाहिलाच नव्हता. मसुदा तयार झाल्यावर फर्मच्या लक्षात आलं की ती बँक त्यांचीच ग्राहक आहे, आणि फाइल परत आली. तेव्हापासून पहिल्याच ईमेलमध्ये भाऊ, काका, जमीन घेणारा, बोजा असलेली बँक किंवा सोसायटी, अशी सगळी नावं पाठवतो. खातं जुनं असेल तर मागचे तीन-चार फेरफारही (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी) काढून नावं तपासतो.

आता नक्कल, म्हणजे आदेशाची कार्यालयाने शिक्का मारून दिलेली प्रत. वारसनोंदीच्या भांडणात मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की प्रांतांकडे अपील करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 250 प्रमाणे 60 दिवस मिळतात. आदेशाची नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. पण किती दिवस वजा करायचे हे ठरतं नकलेच्या मागच्या शिक्क्यावरून: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. फर्मच्या असोसिएटला, म्हणजे आमचं काम बघणाऱ्या तिथल्या वकिलाला, मोबाइलवर काढलेला आदेशाचा फोटो पुरेसा वाटला. मसुदा झाला, अपील तयार झालं, आणि दाखल करताना कारकुनाने विचारलं, “नकलेची पाठ कुठाय?” ती कुठेच नव्हती. मुदत उलटल्यावर कलम 251 खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागला. तो मंजूर होऊ शकतो, पण समोरच्याला एक सुनावणी आयती मिळते. म्हणून आदेश झाला असं कळल्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका, पोच घ्या, आणि नक्कल आली की दोन्ही बाजू स्कॅन करा. स्कॅन सरळ हवा. पानाचा कोपरा कापलेला फोटो असोसिएट परत पाठवतो, आणि दोष त्याचा नसतो.

फेरफाराची नोटीस आली आहे का, हे ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर गावानिहाय दिसतं. हरकतीला 15 दिवस मिळतात. एवढ्या वेळात शहरातल्या फर्मकडून मसुदा येत नाही, आमचा एकदाही आला नाही. त्यामुळे हरकत आपणच लिहायची: फेरफार क्रमांक, गट क्रमांक, ‘मी मयताची मुलगी, माझं नाव वगळलं, नोंद प्रमाणित करू नये’, सोबत वारसाचा पुरावा. अर्ध्या पानात होतं. त्यावर नोंद विवादग्रस्त होते आणि तहसीलकडे सुनावणी लागते. तिथून पुढे फर्म.

फर्मचं खरं काम इथेच दिसलं. भावांचं नेहमीचं उत्तर असतं, “वाटप आधीच झालंय, तोंडी.” त्याला दिलेलं लेखी उत्तर आम्ही आता नमुना म्हणून जपून ठेवलंय. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार, ठरते. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं वाटप टिकतं, पण ते नोंदणीकृत असावं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं असावं; नुसतं ‘तोंडी झालं’ हे कोर्ट सहजासहजी मानत नाही. तीन पानांत, एकही शब्द जादा नाही. दुसरा खरा सल्ला त्यांनी न विचारता दिला: फेरफार हा मालकीचा पुरावा नाही, त्यामुळे नुसती नावाची लढाई जिंकून हिस्सा हातात येत नाही. वाटपाचा दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. हे ऐकून काही बायकांनी अपिलाचा नाद सोडून थेट दाव्याची वाट धरली, आणि ते योग्यच होतं.

पोटगीत मात्र एक गंमत झाली. सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं ठरवून दिलं आहे. निकालासोबत नमुने आहेत: पहिला शेतीबाहेरच्या उत्पन्नाचा, दुसरा शेतकऱ्यांसाठी. फर्मने सवयीने पहिला पाठवला. त्यात डिमॅट, शेअर विचारलेले, आणि नवऱ्याची गुरं, विहीर, पीक कुठेच नाही. शेतकरी कुटुंब असेल तर दुसरा नमुना मागून घ्या, नाहीतर नवऱ्याचं उत्पन्न कागदावर शून्यच दिसतं. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून शपथपत्राची वाट बघत अर्ज लांबवू नका. 1 जुलै 2024 पासून पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं 144 आलंय. जुन्या कोऱ्या नमुन्यांवर कलम बदललेलं नसतं, तेवढं पाहा.

हजेरीबद्दल काय सांगायचं? तालुक्याच्या कोर्टात तारीख पुकारली जाते सकाळी साडेअकराच्या आसपास, आणि शहरातला असोसिएट एसटीतून उतरतो साडेबाराला. तोवर ‘वकील गैरहजर’ असं रोजनाम्यात पडलेलं असतं. एकाच असोसिएटकडे सगळी प्रकरणं, तो नोकरी सोडून गेला की नव्याला शून्यापासून. यावर उपाय तालुका विधी सेवा समितीचा पॅनेल वकील, म्हणजे सरकारी कायदेमदतीतून मोफत मिळणारा स्थानिक वकील. महिलेला उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 मध्येच तसं आहे. अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि कोर्ट फी, प्रोसेस फी, नकलांचा खर्चही त्यात येतो. पॅनेल वकिलाला पक्षकाराकडून रुपयाही घेता येत नाही; मागितला तर समितीकडे लेखी तक्रार करा. हेल्पलाइन 15100.

फक्त एक खबरदारी. ज्या प्रकरणात समितीने वकील दिला, त्यातच फर्मचं वकीलपत्र दाखल करू नका. स्वतःचा दुसरा वकील लावला की मंजूर झालेली मदत काढून घेता येते. आमची वाटणी अशी: महसुली अपील आणि कायदेशीर अभिप्राय फर्मकडे, पोटगी आणि घरगुती हिंसाचार पॅनेल वकिलाकडे. फर्मचा मसुदा पॅनेल वकिलाला दाखवायचा असेल तर आधी त्या पॅनेल वकिलांना विचारा. काहींना तो अपमान वाटतो.

शिबिरं सगळ्यात कमी कामाची. एका दुपारी चाळीस बायका, प्रत्येकीला दहा मिनिटं, शेवटी बॅनरसमोर फोटो. फोटोच्या संमतीचा कागद इंग्रजीत होता, तो आम्ही परत केला; पोटगीचा वाद चालू असलेल्या बाईचा चेहरा फर्मच्या संकेतस्थळावर जायचं कारण नाही. शिबिराऐवजी महिन्यातून एक तास व्हिडिओ कॉल ठरवला, आधी कागद पाठवून, एका वेळी चारच प्रकरणं. असोसिएटलाही हे बरं पडलं.

कागद व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं बंद केलं. प्रत्येक बाईची एक कापडी पिशवी: सातबारा, 8अ (खातेउतारा), फेरफार, नक्कल पाठीसह, एंगेजमेंट लेटर, आणि एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक (कोर्टातल्या प्रकरणाचा ओळख क्रमांक), म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्स अॅपवर शेजारचं पोरही बघून देतं. पिशवी बाईच्याच घरी राहते. असोसिएट बदलला तेव्हा नव्याला फोनवर काय सांगायचं याची शोधाशोध झाली नाही, पिशवी उघडून एकेक कागद वाचून दाखवला.