रात्रभर आत काय टिकतं: सपोझिटरी की एनिमा?

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येणाऱ्या जुनाट आजाराचं) निदान पक्कं झालं आणि मेसालामाइन हे सूज उतरवणारं औषध गुदद्वारातून घ्यायला सांगितलं, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "नुसत्या गोळीने नाही का भागणार?" आजार मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकालाच असेल तर सहसा नाही भागत. गोळीचं आवरण लहान आतड्याच्या शेवटाकडे विरघळतं आणि पुढे औषध पसरत जातं. गुदाशयाच्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या, वाट्याला त्यातलं थोडंच येतं. त्यात खालच्या आजारात रक्त आणि चिकट आव पडत असतानाच वरचा मल मात्र अडून राहतो, म्हणजे औषधही वरच रेंगाळतं. म्हणून खरी निवड सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची, आत विरघळणारी वडी) आणि एनिमा (बाटलीतून आत सोडायचं पातळ औषध) यांच्यातच.

आधी कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या) रिपोर्टात सूज गुदद्वारापासून किती सेंटिमीटरपर्यंत आहे ते पाहा. सपोझिटरी गुदाशयापुरती, म्हणजे ढोबळमानाने 15 सेंटिमीटरच्या आत. एनिमाचं औषध डाव्या बरगड्यांखालच्या वळणापर्यंत चढू शकतं. कागदावर एनिमा सरस दिसतो तो इथे, आणि सूज खरोखर तिथवर असेल तर त्याला तोडही नाही.

अडचण येते ती औषध आत धरून ठेवताना. सुजलेलं गुदाशय ताणलं जात नाही. 60 मिली द्रव आत गेला की त्याला तो मलच वाटतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत पळावं लागतं. सूज जितकी जास्त तितकं औषध कमी टिकतं. नेमकी गरज असते तेव्हाच एनिमा दगा देतो. टिकवायचाच तर बाटली हलवून घ्या, कोमट पाण्यात धरून अंगाइतकी ऊबदार करा. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. टोकाला जेल लावून ते बेंबीच्या दिशेने हलकेच आत सरकवा आणि मिनिटभर घेऊन सावकाश दाबा. बाहेर काढताना बाटली दाबलेलीच ठेवा, नाहीतर ती औषध परत ओढून घेते. मग अर्धा तास हलायचं नाही. गार द्रव किंवा घाईचा दाब, यातलं एक जरी झालं तरी कळ येते. सगळं नीट जमलं तरी पहाटे कुस बदलताना थोडं झिरपतंच, आणि मेसालामाइनचे डाग कपड्यावरून जात नाहीत. खाली जुना टॉवेल हवाच.

माझं मत फिरलं ते या झिरपण्यावर. जे औषध रोज रात्री धसका देतं, ते चौथ्या-पाचव्या रात्री चुकवलं जातं.

सपोझिटरीत हा प्रकार फारसा नाही. 1 ग्रॅमची एक, झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर. वेष्टन आयत्या वेळी काढा, हातात धरून ठेवली तर मऊ पडते. टोक पाण्याने ओलं करा आणि तर्जनीची दोन पेरं आत जाईल इतकी सरकवा. गुदद्वाराच्या स्नायूच्या वळ्यातच अडकली तर हमखास बाहेर येते. नवख्यांची चूक बहुधा हीच. पहिल्या दहा मिनिटांत अख्खी पडली तर दुसरी घेता येते. निदान एक ते तीन तास राहिली पाहिजे, रात्रभर राहिली तर उत्तमच. सकाळी थोडा पांढरट चिकटपणा दिसतो, तो औषधाचाच.

तेव्हा सूज गुदाशयापुरती असेल तर माझा कौल सपोझिटरीला. वर चढलेली असेल तर एनिमा आणि सोबत गोळ्या हाच रूढ मार्ग. पण एनिमा टिकतच नसेल तर काही दिवस सपोझिटरीने खालची सूज उतरवून मग एनिमाकडे वळता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. रक्त थांबलं म्हणून दोन्हींतलं काहीच आपल्या मनाने बंद करू नका. अस्तर भरून यायला त्यानंतरही काही आठवडे लागतात.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप येऊन जुलाब आणि रक्त उलट वाढलं, तर औषधच सोसत नसेल अशी शंका घ्या आणि लगेच कळवा. काही एनिमांत सल्फाइट हा औषध टिकवणारा घटक असतो. त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी घटक वाचूनच घ्यावा. मेसालामाइन कुठलंही असो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अधूनमधून तपासावं लागतं. आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नाडी 90 च्या वर, अशी वेळ आली तर ही तुलना बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

पुन्हा कोलोनोस्कोपी ठरली तर यातलं काय चालू आहे ते आधी सांगा. औषधाने गुदाशय भरून आलेलं आणि वर सूज, असं चित्र दिसलं तर माहिती नसलेल्या डॉक्टरांना क्रोन्सची, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या एका आजाराची, शंका येऊ शकते.