लंडनचा गार्डन फ्लॅट: न पाहता पैसे भरण्याआधी

लंडनच्या विद्यापीठांची सत्रं सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईतून जागेची शोधाशोध चालते. नेमकी तेव्हाच अशी जाहिरात दिसते: इस्लिंग्टनमधलं व्हिक्टोरियन घर, तळाचा गार्डन फ्लॅट, जुनी फायरप्लेस, सॅश खिडक्या, मागे हिरवळ, भाडं महिना १,४०० पौंड. फोटो खरेच असतात, पण फ्लॅटच्या जुन्या विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले. घरमालक परदेशी कामावर असल्यानं जागा दाखवता येत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं, म्हणजे ४,२०० पौंड भरले की किल्ल्या कुरियरनं येतील.

आपल्या माणसांना यात काही खटकत नाही, कारण टोकन देऊन जागा अडवणं आणि दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट देणं इथं नेहमीचंच. इंग्लंडमध्ये मात्र ही मागणीच बेकायदा आहे. २०१९च्या टेनंट फीज कायद्यानुसार टोकन जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकं, आणि वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांचं. १,४०० पौंड भाड्याला हे आकडे साधारण ३२३ आणि १,६१५ होतात. शिवाय १ मे २०२६पासून करारावर सही होण्याआधी भाडं घेता येत नाही, आणि सहीनंतरही एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही.

मालकाचं नाव एचएम लँड रजिस्ट्रीत, म्हणजे तिथल्या मालमत्तांच्या सरकारी नोंदणीत, ७ पौंडांत मिळतं. गार्डन फ्लॅट बहुधा लीजहोल्ड, म्हणजे इमारतीच्या मालकाकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो, तेव्हा अख्ख्या इमारतीचा नव्हे, त्या फ्लॅटचा स्वतंत्र उतारा काढा. पण नाव जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ही नोंद सर्वांना खुली असते, आणि भामटा खऱ्या मालकाच्याच नावाचा बनावट पासपोर्ट पाठवतो. तो उघडा पडतो बँकेत: ब्रिटिश खात्यातून पैसे भरताना खातेदाराचं नाव पडताळलं जातं. नाव जुळत नसेल आणि 'खातं भावाचं आहे' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा.

प्रत्यक्ष जागा पाहिली तरी धोका उरतोच. काही जण फ्लॅट दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं घेतात, दहा जणांना दाखवतात आणि प्रत्येकाकडून डिपॉझिट घेऊन पसार होतात. मात्र पाहणी टाळू नये. हे फ्लॅट अनेकदा अर्धे जमिनीखाली असतात. बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा उंच असली की भिंतीत ओल शिरते, आणि ताज्या रंगाखालचे पोपडे फोटोत दिसत नाहीत. बाग फक्त तुमची की सगळ्या इमारतीची, हेही करारात वाचा.

पैसे भारतातून पाठवू नका, हे आम्ही अगदी कळकळीनं सांगतो. ७ ऑक्टोबर २०२४पासून ब्रिटनमधल्या दोन खात्यांत झालेल्या अशा फसवणुकीत बँकेनं ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचा नियम आहे. परदेशातून आलेल्या रकमेला तो लागू नाही. तिथल्या नातेवाइकाला किंवा मित्राला जागा पाहायला पाठवा आणि खातं उघडेपर्यंत हॉस्टेलवर राहा.

पैसे गेलेच असतील तर ब्रिटनमधून १५९ वर फोन करून आपल्या बँकेशी जोडून घ्या. भारतातून पाठवले असतील तर त्याच दिवशी बँकेला व्यवहार परत बोलावण्याचा अर्ज द्या आणि १९३० वर सायबर तक्रार नोंदवा.